भट्टीच्या काठावरची चार बोटं

मला आयुष्यात भूकंपाचा धक्का कधी बसला नाही, विजेचा दोनदा बसला, आणि बाकीचे सगळे धक्के आमच्या यार्डातल्या मिस्त्रींनी दिले. एकवीस वर्षं सौदीत काढलेल्या माणसाला सहसा कशाचं काही वाटेनासं होतं. पन्नास अंशांचं ऊन, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, रांगा, 'बुकरा' म्हणजे उद्या येतो असं सांगून पुढच्या महिन्यात उगवणारा माणूस, हे सगळं अंगवळणी पडतं. मिस्त्री मात्र मला कधी अंगवळणी पडले नाहीत. अकरा वर्षं आम्ही एकत्र काढली, आणि शेवटच्या वर्षीही ते तोंड उघडायला लागले की मी नकळत हाताला लागेल ती वस्तू घट्ट धरत असे.

रियाधच्या अल सुलै भागात आमचं यार्ड आहे. तंबू, सावलीचे मांडव, बांधकामाच्या परांच्या, कुंपणं असला माल आम्ही भाड्यानं देतो आणि जाऊन उभा करून देतो. मी तिथला इंजिनियर. मिस्त्री सुतार, गवंडी, लोहार, आणि गरज पडली तर न्हावीसुद्धा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात पंचा, डोक्यावर हेल्मेट, तेही उलटं. उजव्या हाताचं तिसरं बोट, अनामिका, सौदीतल्या पहिल्याच वर्षी फळीखाली सापडून वाकडं झालेलं. त्यांचं गाव रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या पलीकडच्या तीरावर, आणि माझं आजोळ अलीकडच्या. त्यामुळे यार्डात मी 'साहेब' असायचो, पण फाटकाबाहेर गाडी पडली की लगेच 'भाऊ'. मी त्यांना आत-बाहेर मिस्त्रीच म्हणायचो.

मिस्त्रींना चुकीचं वाक्य सहन व्हायचं नाही. सत्यवादी म्हणावं, तर तसंही नव्हतं. सत्यवादी माणूस तत्त्वासाठी बोलतो. मिस्त्रींचं म्हणजे माशाचा काटा दातात अडकावा तसं होतं. तो निघेपर्यंत पुढचा घास जायचा नाही. एकदा अल खर्जच्या रस्त्यावर पोलिसानं आमची गाडी अडवली, आत डोकावला, दोघांचे पट्टे लावलेले बघून "यल्ला, जा" म्हणाला. मी गिअर टाकला. तेवढ्यात मिस्त्री आपल्या मजुरांकडून शिकलेल्या अरबीत त्याला म्हणाले, "पट्टा आत्ता लावला. तुला बघून." पोलीस त्यांच्याकडे बघत राहिला, मी स्टिअरिंगकडे. दंड झाला तो माझ्या नावावर, कारण गाडी माझी. दहा मैल गेल्यावर मिस्त्रीच म्हणाले, "भाऊ, तो बिचारा समजत होता आपण रोज लावतो."

आमचा जुना स्टोअरकीपर वारला तेव्हा आम्ही चार कोकणातली माणसं एका खोलीत जमलो. प्रत्येकजण दोन शब्द बोलत होता. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं की त्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाले, "मला लाथ मारली होती." खोलीतला एसीसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मयताचा भाऊ समोर बसलेला. मिस्त्रींना त्या शांततेचा अर्थ वेगळाच लागला, आपली माहिती अपुरी पडली असं समजून त्यांनी भर घातली, "मंग चहा पाजला. दोन कप." आणि खरं सांगतो, त्या दुपारी त्या भावानं मिठी मारली ती फक्त मिस्त्रींना.

माझी बायको सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, दिवसभर रक्त बघते, सहसा डगमगत नाही. तिनं एकदा हौसेनं सुरमईचं कालवण केलं आणि विचारलं, "मिस्त्रीभाऊ, कसं झालंय?" मिस्त्रींनी बराच विचार केला. "वहिनी," ते म्हणाले, "मासा चांगला होता." त्या 'होता'वर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली.

दुसरी खोड मातीची. हा माणूस माती चाखायचा. कुठल्याही साइटवर उतरला की आधी वाकायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकायचा. "खारी." "चिकट हाय, पण आळशी." "ही चांगली, हिला पाणी पुरे." सुट्टीवर जाताना लोक बॅगेत चॉकलेटं, अत्तरं नेतात, मिस्त्री चाळण न्यायचे. पितळी तारेची, आईची, जाताना घेऊन जायचे आणि येताना परत घेऊन यायचे. सोबत पिशवीभर गावची माती. एकदा विमानतळावर कस्टमच्या माणसानं ती पिशवी वर धरून विचारलं, हे काय? मिस्त्रींनी सांगितलं, माती. त्याचा विश्वास बसेना. तेव्हा मिस्त्रींनी पिशवीत बोट घातलं, चिमूट तोंडात टाकली, आणि चावत चावत त्यालाही थोडी पुढे केली. न्यायला आलेला मी काचेपलीकडून हे बघत होतो, आणि मी त्यांना ओळखत नाही असं मी शेजारच्या बाईंना सांगितल्याचं मला आठवतं.

ही चाळण आणि ही माती कुठून आली ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातनंच निघालं. मिस्त्रींचे वडील बोटीवर खलाशी होते, आणि आई गावात चुली घालून द्यायची. कुणाचं नवं घर, कुणाची वाटणी झाली, कुणाची सून आली, की हिला बोलावणं. लहानपणी मिस्त्री आईच्या हाताखाली माती तुडवायचे. तूस किती, राख किती, किती वेळ मुरवायची, सगळं त्यांच्या टाचांना ठाऊक. चूल पुरी झाली की माती ओली असतानाच आई उजव्या काठावर चार बोटं ओढायची. "बोटं नाय ओढली तर चूल परकी राहते," मिस्त्री सांगायचे. "मंग तीवर शिजवलेलं अंगी लागत नाय." तीस वर्षं आखातात पत्रे ठोकत, मांडव बांधत काढलेल्या ह्या माणसाला येत होतं ते खरं एवढंच, आणि त्याला इथे कुणी विचारत नव्हतं. सौदीत चूल कोण घालणार?

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या कंपनीला वायव्येकडच्या डोंगरांत एका उत्खननाचं काम मिळालं. कुंपण, सावलीचा मांडव, राहायचे तंबू. रोमी पलटणीचं एक छोटं ठाणं तिथे मातीखाली सापडलं होतं. रोमी लोक आपल्या ह्या वाळवंटापर्यंत आले होते हाच मला पहिला धक्का. दुसरा, ते अवशेष बघून. रोम म्हटल्यावर मी खांब, कमानी, निदान एखादा मुंडकं नसलेला पुतळा धरून चाललो होतो. सापडली होती पलटणीच्या लोहाराची खोली. पानाच्या टपरीहून थोडी मोठी. कमरेइतक्या भिंती, एक दगडी ओटा, जमिनीत अर्धं पुरलेलं पाण्याचं कुंड, काळ्या राखेचा थर, आणि मधोमध घोड्याच्या नालासारखी, गुडघ्याएवढी मातीची भट्टी. शिपायांच्या पट्ट्यांचे बक्कल, घोड्यांचे लगाम इथे दुरुस्त होत असत म्हणे. ह्याच्यासाठी एवढी माणसं युरोपातून आली होती.

मिस्त्री मात्र भट्टी बघून मटकन खाली बसले. "हा आपला माणूस," म्हणाले.

"कोण?"

"ही ज्यानं घातली तो. वारा बघून तोंड ठेवलंय, बघा. आणि भाता डावीकडे होता. उजवा काठ, वर आलाय तेवढा, हाताखाली गुळगुळीत झालाय."

उत्खननाच्या प्रमुख बाई मागेच उभ्या होत्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, अरबी अस्खलित बोलणाऱ्या. सगळे त्यांना 'दुक्तूरा' म्हणत, म्हणून मिस्त्रींच्या लेखी त्या डॉक्टरीणबाई. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना आपला दुखरा गुडघा दाखवला होता. बाई म्हणाल्या होत्या, मी जुन्या दगडांची डॉक्टर. त्यावर मिस्त्री म्हणाले होते, "गुडघापण जुनाच हाय." भात्याचं बाईंनी मला भाषांतर करायला लावलं. तीन आठवडे मोजमापं घेऊन त्या नुकत्याच त्याच निष्कर्षाला आल्या होत्या.

त्या दिवसापासून बाई मिस्त्रींना सोडीनात. एकीकडे विद्यापीठातली अरबी, दुसरीकडे यार्डातली, आणि मधे हातवारे. बाई एकेक खापर त्यांच्या हातात देत; मिस्त्री वास घेत, आणि बाईंच्या किंकाळीकडे दुर्लक्ष करून चाखतही. पंधरा दिवसांत त्यांनी मला तंबूत बोलावून सांगितलं, "पुढच्या हंगामापासून हा माणूस मला जपणुकीच्या कामावर कायमचा हवा. तुमच्या कंपनीला मी पत्र लिहिते." मी मिस्त्रींना सांगितलं. संध्याकाळी बघतो तर दाढीला ताजी मेंदी, आणि फोनवर बायकोशी मोठमोठ्यानं बोलणं चाललेलं: "अगो, चुलीचं काम मिळालं! नाय गो, चुलीचं! सौदीत!" पलीकडून हसण्याचा आवाज मला चार तंबू सोडून ऐकू येत होता.

आता मला ते सांगायचं आहे जे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

शुक्रवार होता. बाई आणि त्यांची माणसं गुरुवारीच दोन दिवसांसाठी जेद्दाला गेली होती. भट्टीचा उजवा काठ गुरुवारी दुपारीच पुरता मातीबाहेर आला होता. त्याचे फोटो, मापं रविवारी परतल्यावर व्हायची होती, तोवर त्यावर गोणपाट घालून ठेवलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला मी तिथे एकटा होतो. रियाधहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती तेव्हा आठवीत, इंडियन स्कूलमध्ये. माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारी. "बाबा, शो मी द रोमन थिंग ना!" एवढंच म्हणाली. दाखव म्हणाली. बस म्हणाली नव्हती. गोणपाट काढून, दोरीखालून आत जाऊन, फोन हात लांब करून धरून त्या एकोणीसशे वर्षांच्या भट्टीच्या काठावर बसलो तो मी. मुलगी हसली. कॉल संपला. मी उठायला हातावर भार दिला, काठ माझ्याखालून गेला आणि मी बसल्या जागी खाली आलो.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. भाकरी मोडावी तेवढाच. सुपाएवढा तुकडा खाली पडला आणि त्याची माती झाली.

मी ती माती दोन्ही हातांनी गोळा करत होतो, ओंजळीत धरत होतो, परत ठेवत होतो, आणि ती परत सांडत होती. मांडवाच्या दोऱ्या बघायला आलेले मिस्त्री माझ्या मागे येऊन उभे राहिलेले मला कळलेच नाहीत.

"या अल्ला," ते म्हणाले. त्यांना धक्का बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"मिस्त्री, हे कुणाला कळता कामा नये."

"कळता कामा नये म्हणजे?"

"मिस्त्री, माझी नोकरी..."

ते माझ्याशेजारी उकिडवे बसले. भट्टीच्या तुटक्या कडेवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "फुटकी चूल उघडी ठेवत नायत. ती मी सांधतो. पण बाई आल्या की तुम्ही त्यांना सांगायचं. मी सांधलं म्हणून सांगायचं, आणि कशानं मोडलं तेपण. बोला, सांगाल?"

"सांगतो," मी म्हणालो.

"माझ्या गळ्याशप्पत?"

"तुमच्या गळ्याशप्पत."

नमाज पढून आल्यावर त्यांनी काम सुरू केलं. तीच पडलेली माती चाळणीतून चाळली, चाखली, त्यात काय काय मिसळलं, मुरू दिली. मी पाणी देत होतो आणि कुंपणाकडे बघत होतो. ते मात्र कुठेच बघत नव्हते. पुटपुटत होते, मधूनच हसत होते. त्या मेलेल्या लोहाराशी त्यांचं काहीतरी चाललं होतं. "तुझी माती बरी हाय रे. पण भुस्सा कमी घातलास." ऊन कलेपर्यंत काठ उभा राहिला. वाळलेलं गवत पेटवून त्यांनी त्याला धुरी दिली, तेव्हा जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे मला, मोडणाऱ्याला, सांगता येईना. मी सुस्कारा सोडला. आणि तेवढ्यात मिस्त्रींनी हात ओला केला आणि काठावर चार बोटं ओढली.

"अहो, हे काय केलंत!"

"मंग? परकी ठेवू?"

रविवारी बाई परतल्या. मी तंबूत मनाशी वाक्य जुळवत होतो. 'बाई, माझ्या हातून एक चूक झाली.' 'हातून' हा शब्द तसा बरोबर नव्हता, पण तो मी नक्की केला होता. एवढ्यात बाहेरून आरोळी आली. धावत गेलो तर बाई गुडघ्यांवर बसलेल्या, सकाळचं तिरपं ऊन काठावर पडलेलं, आणि त्यात चार बोटांच्या चार रेघा लख्ख. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात," त्या म्हणाल्या. "त्याचा हात." माझ्याकडे वळून त्यांनी माझा दंड धरला. "गुरुवारी घाईत आम्हाला दिसलंच नाही!"

इतकं आनंदी माणूस मी फार जवळून पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "अभिनंदन."

मिस्त्रींना मी त्याच सकाळी पलीकडच्या टेकडीवर कुंपणाच्या कामाला लावलं. मुद्दाम. संध्याकाळी ते आले आणि पहिला प्रश्न, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मंग काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"मोठ्या मनाची बाई." थोड्या वेळानं, जरा लाजत, "बोटं बघितली?"

"बघितली."

"आवडली?"

"खूप आवडली," मी म्हणालो, आणि त्या दिवसभरात बोललेलं माझं तेवढं एक वाक्य खरं होतं.

मंगळवारी रियाधहून मोठे पाहुणे आले. पांढऱ्या कपड्यांतले दहा-बारा अधिकारी, त्यांच्यामागे फोटोवाले. सगळ्या कामगारांनी धुतलेली जॅकेटं घालून हजर राहायचं असा हुकूम होता, त्यामुळे मिस्त्रींना टेकडीवर अडकवता आलं नाही. कॉफीचा ट्रे त्यांच्या हाती होता. बाई भट्टीपाशी बसून बोलू लागल्या. त्या चांगलं बोलल्या. म्हणाल्या, इथे कुठल्या राजाचं नाव नाही. इथे एक कारागीर संध्याकाळी काम संपवून उठला, ओल्या मातीवर त्यानं हात फिरवला आणि गेला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिसऱ्या बोटाची रेघ बघा. बाजूला सरकली आहे. ह्या माणसाचं हे बोट कधीतरी मोडलं असावं." पाहुण्यांमधून हळहळ उमटली. एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

मी ट्रेकडे बघत होतो. तो खाली ठेवला गेला. मिस्त्री दोरीखालून आत गेले, फार अदबीनं. कुणाच्या कपड्यांना माती लागू नये म्हणून त्यांनी अंग चोरलं होतं. "ला, ला, दुक्तूरा," ते म्हणाले, चुकलेल्या लहान मुलीला सांगावं तसं. "हादा ईद माल अना." नाही बाई, हा हात माझा आहे. आणि त्यांनी आपली चार बोटं त्या चार रेघांत ठेवली. वाकडं बोट वाकड्या रेघेत बसलं. मग ते सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी हात वर धरला.

फोटोवाल्यांनी फोटो काढले. कुणाला काय करावं ते सुचेना, पण त्यांचं काम ते करत राहिले. बाईंचा चेहरा मी बघितला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. बघितला होता. भिंतीचा रंग उतरावा तसा तो उतरला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "हे करायला तुला कुणी सांगितलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. आधी अगदी मोकळेपणानं. सांगा ना भाऊ, तुम्ही तर बोल्लात बाईंशी, असं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. माझं 'सांगितलं', कुंपण, टेकडी, सगळं. पोलिसाला पट्ट्याबद्दल सांगणारा, मयताच्या घरी लाथ सांगणारा, माझ्या बायकोला 'होता' म्हणणारा माणूस बाईंकडे वळला आणि म्हणाला, "कुणी नाही. माझ्याच डोक्यातून."

मी बुटांकडे बघत होतो. मुलीचं दहावीचं वर्ष आहे, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. ती आठवीत होती.

त्या संध्याकाळी त्यांना साइटवरून काढलं. बाईंनी पत्र लिहिलं ते वेगळंच. महिन्याभरात कंपनीनं कायमचं घरी पाठवलं; आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा तो मालक, भला माणूस, पण फोटो वरपर्यंत गेले होते, त्याचाही इलाज नव्हता. विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत बसल्या बसल्या मिस्त्रींनी पट्टा लावला. मी वाट बघत होतो, एक तरी शब्द, एखादी शिवी. त्यांनी मला काही बोल लावला असता तर मी रस्त्यात गाडी थांबवून रडलो असतो, आणि कदाचित परत फिरून सगळं सांगितलंही असतं. असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर आता कुणी विश्वास ठेवू नये. उतरताना ते एवढंच म्हणाले, "बाईंना सांगा, पावसात काठ झाकून ठेवा." मागच्या सीटवर चाळण राहिली होती. विसरली की ठेवली, विचारायची माझी छाती झाली नाही. चार वर्षं ती माझ्या डिकीत स्टेपनीच्या टायरावर पडून आहे.

गेल्या महिन्यात मी पन्नाशीचा झालो. अल-खोबरहून मित्र आले, केक आला, आणि मुलीनं, ती यंदा बारावीला आहे, टीव्हीवर माझ्या जुन्या फोटोंची मालिका लावली. लग्नातला मी, यार्डातला मी, आणि मग अचानक, दात काढून हसत, रोमी लोहाराच्या भट्टीवर बसलेला मी. तिनं त्या कॉलमध्ये फोटो टिपून ठेवला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बाबा लुक्स सो हॅपी!" मुलगी म्हणाली. माझ्या हातातली प्लेट खाली पडली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळं लिहिलं. कसलंही कारण दिलं नाही. तीन वेळा लिहिलं आणि तीनही वेळा कारणं खोडली. सोबत तो फोटो जोडला. दहा दिवसांनी उत्तर आलं. त्या रागावल्या होत्या, आणि रागावल्याचं त्यांनी दोन ओळींत नीट लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत होतं: मूळ काठाचा हा जगातला एकमेव फोटो आहे, आणि मला जे बघायचं आहे त्यावर तुम्ही बसला आहात. पुढे लिहिलं होतं की जुना डावा काठ वाऱ्यानं झिजत चालला आहे, उजवा, मिस्त्रींचा, जसाच्या तसा उभा आहे. तो बाईंनी काढला नाही. काढायला गेलं तर जुनी मातीही सोबत येते. त्या मातीत मिस्त्रींनी काय घातलं होतं? विचाराल का? आणि त्यांची हरकत नसेल तर त्या स्वतः त्यांच्याशी बोलतील.

मी फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"मिस्त्री, मी बोलतोय."

"भाऊ!" आवाज म्हातारा झाला होता. "सांगितलंत?"

दुसरं काही नाही. कसे आहात नाही, इतक्या वर्षांनी कसा फोन नाही.

"सांगितलं," मी म्हणालो. "आता खरंच सांगितलं. सगळं."

मग मिस्त्रींनी नि:श्वास सोडला. "काय ओ भाऊ. आयुष्यात एक खोटं बोल्लो. तेवढं एक. तेपण तुम्ही टिकू दिलं नाय."

मी मातीचं विचारलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली: तूस किती, राख किती, खजुराच्या झाडाचा काथ्या कसा पिंजायचा, आणि मधेच थांबले, "हे फोनवर नाय जमायचं. बाईंना सांगा, टाचेनं कळतं हे." आईची चाळण माझ्याकडे आहे, पाठवून देतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, राहू दे, तिकडे लागेल. मी फोन ठेवणार तेवढ्यात पुन्हा हाक आली.

"भाऊ, एक तेव्हा विचारायचं राहिलं."

मी कान घट्ट लावला. चार वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आता येणार असं मला वाटलं.

"तेव्हा काठ मोडला, तुम्ही खाली पडलात," मिस्त्री म्हणाले. "कमरेला लागलं नव्हतं ना?"